श्वासाचे त्रैराशिक

त्रैराशिक शिकवताना ‘याचा पुढे उपयोग काय?’ असा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. त्याचे उत्तर शस्त्रक्रियागृहात मिळते.

भूल देण्याच्या यंत्राला जोडलेल्या प्राणवायूच्या लहान सिलिंडरात, तो पूर्ण भरलेला असता, सुमारे ६८० लिटर वायू असतो. बॉइलच्या नियमानुसार दाब निम्म्यावर आला की साठाही निम्माच, म्हणजे ३४० लिटर उरतो. मिनिटाला ५ लिटर दिल्यास तो ६८ मिनिटे पुरेल. हिशेब साधा, पण त्यावर रुग्णाचा श्वास अवलंबून!

शेजारच्या नायट्रस ऑक्साइडला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. प्राणवायू सिलिंडरात वायुरूपच राहतो. नायट्रस ऑक्साइड नेहमीच्या तापमानात दाबाखाली द्रवरूप होतो. वायू वापरला जाईल तसतशी द्रवाची वाफ होऊन उणीव भरून निघते. त्यामुळे द्रव संपत येईपर्यंत दाबमापकाचा काटा फारसा उतरत नाही. काट्यावर विसंबणारा फसतो. म्हणून सिलिंडर तोलावा आणि त्यातून रिकाम्या सिलिंडराचे वजन वजा करावे, तेव्हाच खरा साठा कळतो.

गणित येणे पुरेसे नाही. कोणते गणित कोठे लावावे, हे पदार्थाचा स्वभाव जाणल्यावाचून उमगत नाही.