ख्रिस्ती तत्त्वज्ञान

ख्रिस्ती तत्त्वज्ञान : ख्रिस्ती धर्मश्रद्धा स्वीकारलेल्या विचारवंतांनी तर्कबुद्धीच्या आधारे केलेल्या तत्त्वचिंतनास सामान्यतः ही संज्ञा दिली जाते. हे चिंतन ईश्वरविद्येहून वेगळे आहे. ईश्वरविद्या बायबलमधील ईश्वरी प्रकटीकरण प्रमाण मानून त्यातून निष्कर्ष काढते. तत्त्वज्ञानाची विधाने मात्र श्रद्धा नसलेल्या माणसालाही तपासता यावीत, अशी अपेक्षा असते. भारतीय दर्शनांच्या परिभाषेत सांगावयाचे, तर ईश्वरविद्येची भिस्त मुख्यतः शब्दप्रमाणावर असते आणि तत्त्वज्ञानाची प्रत्यक्ष व अनुमान यांवर. ही दोन क्षेत्रे कोठे एकत्र येतात व कोठे विभक्त होतात, हाच ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा मूळ प्रश्न असून त्याला आजवर दिली गेलेली उत्तरे एकसारखी नाहीत.

ग्रीक विचाराशी संबंध : ख्रिस्ती धर्माचा उदय ज्यू परंपरेत झाला; पण तो ज्या जगात पसरला, त्याची बौद्धिक भाषा ग्रीक होती. सेंट पॉलने अथेन्समध्ये स्टोइक व एपिक्यूरियन विचारवंतांशी संवाद केल्याचे ‘नव्या करारा’त नमूद आहे, त्याच ग्रंथात पोकळ तत्त्वज्ञानाच्या मोहाविषयी इशाराही आहे. या दोन्ही प्रवृत्ती पुढील काळात टिकून राहिल्या. जस्टिन मार्टर (सु. १००–सु. १६५) याच्या मते विश्वातील दिव्य प्रज्ञेचा अंश सर्व माणसांत असल्यामुळे सॉक्रेटीससारख्यांनाही सत्याचे आंशिक दर्शन घडले होते. अलेक्झांड्रियाच्या क्लेमंटने ज्यूंना जसे धर्मशास्त्र, तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान ही ख्रिस्ताकडे नेणारी पूर्वतयारी मानली. याउलट टर्टल्यनने ग्रीक विद्येचा श्रद्धेशी काय संबंध, असा सवाल करून तत्त्वज्ञानाला पाखंडाचे मूळ ठरविले.

ग्रीक विचार स्वीकारतानाही ख्रिस्ती विचारवंतांनी त्यात महत्त्वाचे बदल केले. प्लेटोचा विश्वशिल्पी आधीच असलेल्या द्रव्याला आकार देतो. ॲरिस्टॉटलच्या मते विश्व अनादी आहे. ख्रिस्ती मतानुसार ईश्वराने विश्व शून्यातून, स्वेच्छेने निर्माण केले. म्हणजे विश्व असलेच पाहिजे असे नाही, ते नसतेही. ‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे?’ हा प्रश्न या भूमिकेमुळे अधिक तीव्र झाला.

सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) : उत्तर आफ्रिकेत जन्मलेला ऑगस्टीन काही वर्षे मानी पंथाचा अनुयायी होता. शुभ आणि अशुभ ही दोन स्वतंत्र तत्त्वे परस्परांशी झगडत आहेत, असे तो पंथ मानी. मिलान येथे नवप्लेटो मताच्या ग्रंथांचा परिचय झाल्यावर ऑगस्टीनने या द्वैताचा त्याग केला. त्याच्या मते अशुभ ही स्वतंत्र वस्तू नसून शुभाचा अभाव आहे. अंधत्व ही डोळ्यात भरलेली एखादी वस्तू नव्हे, तर असावयास हव्या त्या दृष्टीचे नसणे होय. तसेच पाप म्हणजे मानवी संकल्पाने उच्चतर श्रेयाकडे पाठ फिरविणे होय. विश्वनिर्मितीपूर्वी ईश्वर काय करीत होता, या प्रश्नावर त्याने काळही विश्वाबरोबरच निर्माण झाला, असे उत्तर दिले. त्यामुळे ‘पूर्वी’ हा शब्दच तेथे गैरलागू ठरतो. मानवी ज्ञानाविषयी त्याची भूमिका अशी, की समजून घेण्यासाठी आधी विश्वास ठेवावा लागतो. मात्र विश्वासाने समजून घेण्याच्या प्रयत्नात थांबता कामा नये.

मध्ययुग : सेंट ॲन्सेल्म (१०३३–११०९) याने याच भूमिकेतून ईश्वराच्या अस्तित्वाचा एक प्रसिद्ध युक्तिवाद मांडला. ज्याहून श्रेष्ठ अशा कशाचीही कल्पना करता येत नाही, तो ईश्वर; तो केवळ मनात असेल, तर प्रत्यक्षातही असलेला ईश्वर त्याहून श्रेष्ठ ठरेल; म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. गॉनिलो या समकालीन ख्रिस्ती संन्याशानेच त्यावर आक्षेप घेतला, की अशा रीतीने सर्वोत्कृष्ट बेटाचे अस्तित्वही सिद्ध करता येईल. श्रद्धावंताने श्रद्धावंताचा युक्तिवाद खोडून काढावा आणि मूळ लेखकाने तो आक्षेप आपल्या उत्तरासह ग्रंथाला जोडावा, ही घटना या परंपरेतील वादनिष्ठेची द्योतक आहे.

बाराव्या-तेराव्या शतकांत ॲरिस्टॉटलचे बहुतेक ग्रंथ लॅटिनमध्ये उपलब्ध झाले. त्यांबरोबर इब्न सीना व इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञांची विवेचनेही आली. विश्वाचे अनादित्व ख्रिस्ती श्रद्धेला छेद देणारे असल्यामुळे पॅरिस येथे १२१० मध्ये ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनावर बंदी घालण्यात आली. परंतु १२५५ पर्यंत तेच ग्रंथ तेथील विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात समाविष्ट झाले होते.

या पेचप्रसंगातून सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–१२७४) याने मार्ग काढला. त्याच्या मते श्रद्धा व बुद्धी यांचा उगम एकच असल्याने त्यांत खरा विरोध संभवत नाही. तसा तो दिसला, तर कोठेतरी तर्क चुकला आहे किंवा धर्मवचनाचा अर्थ चुकीचा लावला आहे. ईश्वर आहे, हे बुद्धीला कळू शकते; पण तो त्रिविध स्वरूपाचा आहे, हे केवळ प्रकटीकरणानेच कळते. विश्वाला आरंभ होता, हेही तर्काने सिद्ध करता येत नाही, असे त्याने स्पष्टपणे सांगितले. श्रद्धेला सोयीचे असूनही दुर्बळ असलेले प्रमाण देणे म्हणजे श्रद्धेला हास्यास्पद करणे होय, अशी त्याची धारणा होती.

ईश्वराच्या अस्तित्वाचे त्याने पाच मार्ग सांगितले. त्यांतील आदिकारणाचा युक्तिवाद पुष्कळदा चुकीचा समजला जातो. भूतकाळात मागे मागे जात पहिल्या घटनेपर्यंत पोचणे, असा त्याचा आशय नाही. लामणदिव्याच्या साखळीची प्रत्येक कडी वरच्या कडीवर लोंबत असते. कड्या कितीही वाढविल्या, तरी तुळईचा आधार नसेल, तर दिवा क्षणभरही लोंबणार नाही. त्याचप्रमाणे ज्या वस्तूंचे अस्तित्व परावलंबी आहे, त्यांना या क्षणीही एका स्वयंसिद्ध अस्तित्वाचा आधार असला पाहिजे, असे अक्वायनसचे म्हणणे होते.

पॅरिसच्या बिशपने १२७७ मध्ये २१९ मते निषिद्ध ठरविली. त्यांतील काही अक्वायनसच्या मतांशी जुळणारी होती. १३२३ मध्ये चर्चने त्याला संतपद दिले. पुढे डन्स स्कोटस व विल्यम ऑफ ऑकम यांनी बुद्धीने सिद्ध करता येणाऱ्या धर्मतत्त्वांचे क्षेत्र बरेच मर्यादित केले.

आधुनिक काळ : धर्मसुधारणेच्या चळवळीत मार्टिन ल्यूथरने ॲरिस्टॉटलच्या वर्चस्वावर कठोर टीका केली. पास्काल (१६२३–६२) याने तत्त्वज्ञांचा ईश्वर आणि भक्ताचा ईश्वर यांत भेद केला. ह्यूम व कांट यांनी पारंपरिक प्रमाणांवर मूलगामी आक्षेप घेतले. विश्वातील प्रत्येक वस्तूला कारण असले, तरी समग्र विश्वाला ते असलेच पाहिजे काय, असे ह्यूमने विचारले. अस्तित्व हा वस्तूचा गुणधर्म नव्हे, असे कांटने दाखविले. कीर्केगॉर (१८१३–५५) याला तर श्रद्धेला प्रमाणांचा आधार शोधणेच अप्रस्तुत वाटले. श्रद्धा हा व्यक्तीने जोखीम पत्करून केलेला निर्णय होय, असे त्याचे मत होते. कॅथलिक पंथात १८७९ मध्ये पोप तेरावा लिओ याच्या परिपत्रकाने अक्वायनसच्या अभ्यासाला नवी चालना मिळाली.

अशुभाची समस्या : ख्रिस्ती तत्त्वज्ञानाची खरी कसोटी या प्रश्नात लागते. ईश्वर सर्वशक्तिमान व परमदयाळू असेल, तर जगात दुःख का? १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि उपासनेसाठी जमलेले असंख्य लोक चर्चमध्येच गाडले गेले. शक्य असलेल्या विश्वांत हेच सर्वोत्तम आहे, या लायप्निट्सच्या मताची व्हॉल्तेअरने त्यानंतर उपरोधाने खिल्ली उडविली. विसाव्या शतकात जे. एल्. मॅकी याने १९५५ मध्ये ही समस्या तार्किक विसंगती म्हणून मांडली. तीवर अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्व्हिन प्लँटिंगा याने असे उत्तर दिले, की खरे संकल्पस्वातंत्र्य असलेल्या जीवांनी केवळ सदाचारच करावा, अशी व्यवस्था सर्वशक्तिमान ईश्वरालाही करता येणार नाही, हे शक्य आहे. म्हणून विसंगती सिद्ध होत नाही. तथापि विसंगती नाही, एवढ्याने निरपराध बालकाच्या रोगाचे कारण कळत नाही, ही उणीव अनेक ख्रिस्ती विचारवंतही मान्य करतात.

भारतीय संदर्भ : भारतात ख्रिस्ती विचाराचा संबंध दर्शनांशी आला. चित्पावन ब्राह्मण कुळातील नीलकंठशास्त्री गोरे (१८२५–९५) यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि षड्दर्शनदर्पण या हिंदी ग्रंथात सहा दर्शनांची चिकित्सा केली. पंडिता रमाबाईंवरही त्यांच्या विचारांचा प्रभाव पडला. बंगालमधील ब्रह्मबांधव उपाध्याय (१८६१–१९०७) यांची दिशा वेगळी होती. अक्वायनसचा विचार व वेदान्त यांचा मेळ घालून सच्चिदानंद या संकल्पनेच्या द्वारे त्यांनी ख्रिस्ती त्रैक्याचा अर्थ लावला. कँडी येथे १८९३ मध्ये स्थापन झालेले कॅथलिक विद्यापीठ १९५५ मध्ये पुण्यास आले. पुढे ज्ञानदीप विद्यापीठ या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेत पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाबरोबर भारतीय दर्शनेही शिकविली जातात.

मूल्यमापन : ‘ख्रिस्ती तत्त्वज्ञान’ ही संज्ञाच सुसंगत आहे काय, यावर १९३१ मध्ये फ्रान्समध्ये मोठा वाद झाला. ख्रिस्ती गणित जसे नसते, तसे ख्रिस्ती तत्त्वज्ञानही नसते, असा एमील ब्रेयेचा पक्ष होता. श्रद्धेने बुद्धीपुढे नवे प्रश्न ठेवले व त्यांतून निर्माण झालेला विचार स्वतःच्या बळावर उभा राहिला, याला इतिहास साक्षी आहे, असे एत्येन झील्साँचे प्रतिपादन होते. विचाराची प्रेरणा आणि विचाराचे प्रमाण या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे या वादातून स्पष्ट झाले. श्रद्धेतून स्फुरलेला म्हणून युक्तिवाद त्याज्य ठरत नाही आणि त्याच कारणाने तो ग्राह्यही ठरत नाही. या विषयाचा अभ्यास आरंभणाऱ्याने हा भेद ध्यानात ठेवल्यास श्रद्धावान व अश्रद्ध या दोहोंनाही या परंपरेतील ग्रंथांशी प्रामाणिक वाद घालता येतो.