रात्रीचं ड्रोन ओळखायचं कसं?

२०२४च्या पावसाळ्यात जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत, मराठा आरक्षणासाठी आंदोलन करणारे मनोज जरांगे यांच्या मुक्कामाभोवती रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याची तक्रार झाली आणि विषय विधिमंडळात पोहोचला. असं ड्रोन पकडणं अवघड का? रडारला ते पक्ष्याएवढंच दिसतं. पण गरगरणाऱ्या पात्यांवरून परतलेल्या लहरींची वारंवारता सतत बदलते. त्यावरून फरक कळतो. रिमोटचे रेडिओ संकेत दोन-तीन ठिकाणांहून टिपले, तर उडवणाराही सापडतो. आधीच आखून दिलेल्या मार्गाने, संकेत न देता उडणाऱ्या ड्रोनसाठी मात्र रडार आणि उष्णता टिपणारे कॅमेरे कामी येतात. जॅमर संपर्क तोडतो, पण आसपासचं वाय-फायही बिघडवू शकतो. वस्तीवर ड्रोन पाडणं धोक्याचं. त्यापेक्षा उडवणाऱ्याला गाठणं बरं.