नळीसकट आमची चिऊ

आमच्या बेडरूममध्ये आठ महिने एक भाडेकरू राहत होता. गुडघ्याएवढा उंच, चार चाकांचा, दिवसरात्र घुर्रर्र करणारा. भाडेकरू तो, पण भाडं मात्र आम्हीच भरत होतो! त्याचं नाव ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत हा शब्द आपण सगळेच शिकलो. सॅच्युरेशन, सिलिंडर, फ्लो... मोबाईल उघडला की हेच. मग कोविड ओसरला आणि आपण ते शब्द विसरून गेलो. मीही विसरलो होतो. दोन वर्षांनी ते माझ्याच घरात परत आले, माझ्या सव्वादोन किलोच्या लेकीसाठी.

'लो रिस्क'

जुलै २०२३. हिंजवडीच्या ऑफिसात मी एका मीटिंगमध्ये बसलो होतो. बायकोचा फोन आला, "अरे, पाणी गेलंय. तू निघ." आठवडा फक्त ३१ वा. रात्री चिऊ आली. वजन १३५० ग्रॅम. (चिऊ हे घरातलं नाव. पाळण्यातलं नाव तिचं तिला ठेवू द्या!)

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बसवून सांगितलं. डोळ्यांची ठेवण, तळहातावर एकच आडवी रेघ, स्नायूंमधला सैलपणा. "डाउन सिंड्रोमची शंका आहे. रक्त कॅरिओटाइप टेस्टला पाठवू या."

"पण आमची डबल मार्कर टेस्ट तर 'लो रिस्क' आली होती!" मी जवळजवळ भांडलोच.

"ती स्क्रीनिंग टेस्ट आहे. शक्यता सांगते, खात्री देत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. रिपोर्ट आला. २१ व्या क्रोमोझोमच्या दोनऐवजी तीन प्रती. गरोदरपणात हिनं काय खाल्लं, किती प्रवास केला, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे डॉक्टरांनी आमच्या दोन्ही आयांना समोर बसवून सांगितलं. त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

आपलीच का?

एनआयसीयूत शेजारच्या पेटीतलं बाळ ३० आठवड्यांचं होतं. चिऊपेक्षाही लहान. ते नळीशिवाय घरी गेलं. चिऊचा ऑक्सिजन काही सुटेना. खरं सांगू? मला त्या बाळाच्या बाबांचा राग आला होता. मग मी डॉक्टरांना विचारलं, आपलीच का?

त्यांनी कागदावर चित्रं काढून समजावलं. फुफ्फुसातले छोटे फुगे उघडे ठेवायला आतून साबणासारखा एक थर लागतो. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे उजाडतात. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच त्रासानं ३९ तासांत गेला. देशाच्या अध्यक्षांच्या हातीही तेव्हा इलाज नव्हता. १९८० मध्ये जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी बाळांच्या फुफ्फुसात बाहेरून सरफॅक्टंट सोडून दाखवलं आणि चित्र पालटलं. चिऊलाही पहिल्याच दिवशी ते मिळालं. मग नाकातून दाबानं हवा देणारं सीपॅप आणि श्वास घ्यायला 'विसरू' नये म्हणून चक्क कॅफिन! माझ्या लेकीनं माझ्याआधी कॉफी सुरू केली, असं मी सगळ्यांना सांगायचो.

पण ३६ आठवडे पूर्ण झाल्यावरही ऑक्सिजन लागत होता. अशा वेळी डॉक्टर बीपीडी म्हणतात. म्हणजे आधी अपुरी आणि मग उपचारांनीही थोडी दुखावलेली फुफ्फुसं. हे कुठल्याही प्रीमॅच्युअर बाळाला होऊ शकतं. डाउन सिंड्रोममध्ये त्यावर आणखी ओझी असतात. फुफ्फुसातले फुगे मुळातच कमी, श्वासाची वाट अरुंद आणि मऊ, स्नायू सैल. दूध पिताना थोडं चुकीच्या वाटेनं जाण्याची भीती. जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा जन्मजात दोष. चिऊच्या हृदयाला एक छोटं छिद्र होतं. शिवाय या मुलांच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर पटकन वाढतं. याला पल्मोनरी हायपरटेन्शन म्हणतात. हा शब्द तेव्हा मी नुसता ऐकला. समजला नंतर.

थोडक्यात, शेजारचं बाळ आणि आमचं बाळ एका शर्यतीत नव्हतंच.

भाडेकरू आला

५८ व्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "घरी न्या. ऑक्सिजनवर."

माझ्या पोटात गोळा आला. ऑक्सिजन म्हणजे शेवटचा उपाय, हेच डोक्यात. डॉक्टर हसले. "उलटं आहे. बाळ घरी जाण्याइतकं बरं आहे, म्हणून ऑक्सिजन घरी जातोय. हॉस्पिटलमध्ये राहिली तर इन्फेक्शनची भीती जास्त. घरी आईच्या कुशीत वजन वाढेल, आणि वजनाबरोबर नवं फुफ्फुस वाढेल."

हे वाक्य मी मोबाईलमध्ये लिहून ठेवलं. पुढे नातेवाइकांना किमान पन्नास वेळा ऐकवलं.

सोसायटीतल्या एका काकांनी माळ्यावरचा कोविडमधला कॉन्सन्ट्रेटर देऊ केला. मनापासून! पण बंद पडून राहिलेल्या मशिनमधला नायट्रोजन शोषणारा पदार्थ ओलावा धरतो आणि ऑक्सिजनची शुद्धता उतरू शकते. तपासल्याशिवाय वापरायचा नाही, असं कळलं. आम्ही भाड्यानं घेतला. चिऊला मिनिटाला फक्त पाव लिटर हवा होता. मोठ्यांच्या मीटरवर पाव लिटरचा आकडा नीट लावताच येत नाही, म्हणून बाळांसाठीचा लो-फ्लो मीटर बसवला. ड्रॉवरमधला कोविडवाला ऑक्सिमीटरही बाद. मोठ्यांच्या बोटाची क्लिप बाळाला चालत नाही. पावलाला गुंडाळायचा प्रोब लागतो.

आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते. मशीन साडेतीनशे वॉटचं, म्हणजे इन्व्हर्टर तेवढं ओढणारा हवा. शिवाय कोपऱ्यात भरलेला बी टाइप सिलिंडर. त्यात साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. पाव लिटरच्या हिशेबानं १०० तास. हा हिशेब मांडला त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपलो. महिन्याला २५० युनिट जास्त आले, ते वेगळं!

धुरी, निरांजन आणि मावशी

चिऊ घरी आली आणि दहा-बारा दिवसांत गणपती आले. आरती, कापूर, उदबत्ती, निरांजन. इकडे बेडरूममध्ये ऑक्सिजन! ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीला भडका करतो. शेवटी बाप्पा हॉलच्या पार टोकाला, चिऊ बेडरूममध्ये दार लावून, आणि आरतीला घरातले दोघं आळीपाळीनं.

खरी परीक्षा मालिशवाल्या मावशींची. आंघोळीनंतर बाळाला ओवा-बाळंतशेपांची धुरी द्यायची, नाकात तेलाचे थेंब सोडायचे, ही त्यांची रीत. सासूबाईंचाही आग्रह. बायको ठाम राहिली. "आई, हिच्या फुफ्फुसांना धूर म्हणजे विष आहे. आणि नळीच्या आसपास तेल नको, व्हॅसलीन नको. ऑक्सिजनजवळ तेलकट काही ठेवत नाहीत." मावशी दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी आल्या त्या फक्त हातापायांना हलकं तेल लावायला. पुढे नळीला कुणी हात लावला की त्याच ओरडायच्या.

बारशाचा फोटो

आता जे सांगणार आहे, ते सांगायला आवडत नाही.

बाराव्या दिवशी चिऊ काचेच्या पेटीत होती, त्यामुळे बारसं राहिलं होतं. ऑक्टोबरमध्ये घरच्या घरी केलं. वीसेक माणसं. पाळणा सजवला, चिऊला जरीचं कुंची-झबलं. कुणीतरी म्हणालं, "अरे, ती नळी जरा काढ ना. फोटोत बरी नाही दिसत."

मी काढली. मीच.

चिऊ झोपली होती, गाल गुलाबी. एक फोटो, मग आत्यांबरोबर, मग सगळ्या चुलत भावंडांबरोबर. पाच मिनिटांसाठी काढलेली नळी पाऊण तास तशीच लटकत राहिली. बायको आतून आली. "अरे, हिची नळी कुठंय?" प्रोब लावला. ८४. घरी आम्हाला ९३ च्या वर ठेवायला सांगितलं होतं.

नळी लावली, आकडा हळूहळू चढला. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. इकोमध्ये फुफ्फुसातलं प्रेशर वाढलेलं निघालं.

"ती गुलाबी दिसत होती हो," मी म्हणालो.

"दिसणारच. ८४-८५ डोळ्यांना कळत नाही. निळेपणा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कालच्या पाऊण तासानं प्रेशर वाढलेलं नाही, ते आधीपासून असणार. पण ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात. हृदयाच्या उजव्या बाजूला जोर लावावा लागतो. रोज थोडं थोडं असं झालं, तर हृदय थकतं. डाउनच्या मुलांमध्ये हे लवकर होतं. ऑक्सिजन हे औषध आहे. तुम्ही फोटोसाठी औषध बंद केलंत."

आणि औषध म्हणजे डोस! जास्तही नको. स्टीव्ही वंडर हा गायक १९५० मध्ये सहा आठवडे आधी जन्मला. इन्क्युबेटरमधल्या ऑक्सिजनच्या अतिरेकानं कोवळ्या डोळ्यांचा पडदा बिघडला आणि त्याची दृष्टी गेली. म्हणूनच चिऊच्या डोळ्यांची तपासणी पहिल्या महिन्यातच झाली होती. फ्लो मनानं कमी नाही, मनानं जास्तही नाही.

घरी येऊन मी विचार करत बसलो. नळी कुणाच्या डोळ्यांत खुपत होती? पाहुण्यांच्या? की माझ्या? 'डाउन' हा शब्द मी अजून ऑफिसात उच्चारला नव्हता. नळी दिसली की लोक विचारतील आणि उत्तर द्यावं लागेल. फोटोसाठी वगैरे सगळं निमित्त होतं.

सोमवारी मॅनेजरना सगळं सांगितलं. डाउन सिंड्रोम, ऑक्सिजन, सगळं. आभाळ काही कोसळलं नाही. २०१७ पासून आईला २६ आठवडे पगारी रजा आहे, पण आमचे ८ आठवडे एनआयसीयूच्या खुर्चीतच संपले होते. खासगी कंपनीत बाबाला रजा द्यायची सक्ती करणारा कायदा नाही. मला घरून काम आणि अमेरिकेच्या वेळेचे कॉल मिळाले. बायको दिवसपाळी, मी रात्रपाळी. एका कानात क्लायंट, दुसऱ्या कानात भाडेकरूची घुर्रर्र.

भाडेकरू गेला

डिसेंबरात साध्या सर्दीनं चिऊला चार दिवस ॲडमिट व्हावं लागलं. फ्लो वाढवावा लागला, आम्ही पुन्हा मागे आलो. फेब्रुवारीपासून डॉक्टरांनी डोस उतरवायला सुरुवात केली. आधी जागेपणी थोडा वेळ बंद, मग दिवसभर, शेवटी रात्र. झोपेत आणि दूध पिताना सॅच्युरेशन जास्त घसरतं, म्हणून रात्रभराचं रेकॉर्डिंग. पुन्हा इको. प्रेशर उतरलं होतं. मे २०२४ मध्ये भाडेकरूनं घर सोडलं. त्या रात्री शांततेमुळे आम्हा दोघांना झोपच लागली नाही!

गोष्ट इथे संपत नाही. या मुलांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास बराच आढळतो. घोरणं दिसो वा न दिसो, चार वर्षांच्या आत स्लीप स्टडी करून घ्यायची आहे. थायरॉइड, कान, हृदय यांच्या तारखा फ्रिजवर चिकटवलेल्या आहेत.

बारशाचे ते फोटो मी कुणाला पाठवले नाहीत. पुढच्या रविवारी तेच झबलं घालून, नळीसकट, एक नवा फोटो काढला. तोच हॉलमध्ये आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, "नाकात काय आहे?" आणि मी सांगतो.

घरी ऑक्सिजन असेल तर...

• फ्लो डॉक्टरांनी ठरवलेलाच. कमी-जास्त करायचा तर आधी फोन.
• ज्योत, उदबत्ती, सिगारेट, गॅस यांपासून निदान १० फूट दूर. घरात कुणीच सिगारेट ओढायची नाही.
• नळीजवळ तेल, व्हॅसलीन नको. चिकटपट्टीखालची त्वचा रोज पाहा.
• आकड्याबरोबर बाळही पाहा. बरगड्यांखाली खड्डा पडणं, नाकपुड्या फुलणं, कण्हणं, दूध पिताना दमणं, जीभ-हिरड्या निळसर दिसणं... थांबू नका, हॉस्पिटल गाठा.
• लाईट गेली तर? इन्व्हर्टर आणि भरलेला सिलिंडर, दोन्ही. सिलिंडर उभा आणि बांधलेला.
• सर्दी झालेल्या पाहुण्यांना प्रेमानं, पण दारातूनच परत पाठवा. घरातल्या मोठ्यांनीही फ्लूची लस घ्यावी.
• बाळाचं नाव ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये लगेच घाला. मशिनचं भाडं त्यात बसतं का, हे आधीच विचारा. आमच्यात बसलं नाही!