फौज नसलेला जनरल : एका व्यक्तिचित्राचं खरं-खोटं

आज एकाच चित्रापुढे थांबू. १८१६ साली ब्रसेल्समध्ये काढलेलं तैलचित्र. चित्रकार जाक-लुई दाविद, आणि समोर उभा आहे फ्रेंच सेनानी मोरिस जेरार. चित्र सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उंची साधारण साडेसहा फूट, त्यामुळे आपण समोर गेलो की एक पूर्ण माणूसच आपल्यापुढे उभा राहतो. अंगावर जरीकामाचा गणवेश, छातीवर पदकं, हातात एक पत्र. चेहऱ्यावर कुठेही पराभव नाही.

आणि इथेच गंमत आहे. कारण हा माणूस हरलेला आहे!

जरा मागे जाऊ. १६ जून १८१५ ला लिनीच्या लढाईत जेरार लढला. नेपोलियनचा तो शेवटचा विजय. दोनच दिवसांनी, १८ जूनला, वॉटर्लूच्या दिशेने तोफा ऐकू येऊ लागल्या. जेरारने आपला वरिष्ठ ग्रूशी याला आग्रहाने सांगितलं, की तोफांच्या आवाजाकडे चला. ग्रूशीने ऐकलं नाही. त्याच दिवशी वाव्र्‌जवळ जेरारला गोळी लागली. तिकडे साम्राज्य बुडालं, फ्रान्समध्ये बूर्बाँ राजे परत आले आणि जेरार ब्रसेल्सला आला.

दाविदचंही तेच. १७९३ मध्ये सोळाव्या लुईच्या मृत्युदंडाच्या बाजूने त्याने मत दिलं होतं, पुढे नेपोलियनला साथ दिली. १८१६ च्या कायद्याने त्याला देशाबाहेर जावं लागलं. म्हणजे चित्रकार निर्वासित, आणि ज्याचं चित्र काढायचं तोही निर्वासित. बरं, ज्या बेल्जियममध्ये हे घडलं तो देशही अजून जन्माला आला नव्हता. ब्रसेल्स तेव्हा नेदरलँड्सच्या राज्यात होतं.

मग प्रश्न असा, की हे चित्र खोटं आहे का? फौज नाही, सत्ता नाही, आणि माणूस असा उभा!

आपण ओळखपत्राचा फोटो काढतो तेव्हा प्रश्न एवढाच असतो, की माणूस दिसतो कसा. व्यक्तिचित्राचा प्रश्न वेगळा असतो. हा माणूस स्वतःला कोण समजतो, आणि तुम्ही त्याला तसं मानाल का? हेगेलने १८०७ च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला होता. 'मी' एकट्याने पुरा होत नाही, दुसऱ्याने ओळख द्यावी लागते. जेरारला ती ओळख त्याचं राज्य देत नव्हतं, दाविदच्या कुंचल्याने दिली. म्हणून या चित्राला मी वर्णन म्हणत नाही, दावा म्हणतो. वर्णन खरं की खोटं ते लगेच तपासता येतं. दावा मात्र निभवावा लागतो.

जेरारने तो निभावला. १८१७ मध्ये तो फ्रान्सला परतला, १८३० मध्ये मार्शल झाला. त्याच वर्षी बेल्जियम स्वतंत्र झाला, पण अँटवर्पचा किल्ला डच सैन्य सोडेना. १८३२ मध्ये फ्रेंच फौज घेऊन वेढा घालायला कोण आलं? हाच जेरार. २३ डिसेंबरला किल्ला शरण आला. ज्या भूमीने त्याला आसरा दिला होता, तिच्याच नव्या देशासाठी तो लढला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे चित्र खरं ठरलं. थांबा. दाविद कधीच परतला नाही. १८२५ मध्ये तो ब्रसेल्समध्येच वारला. जेरारही तसाच संपला असता तर चित्र खोटं झालं असतं का? मला नाही वाटत. यश मिळणं न मिळणं आपल्या हातात नसतं. दाव्याची किंमत मोजायची तयारी मात्र आपल्याच हातात असते. ती तयारी नसेल, तर गणवेश म्हणजे नुसतं नाटकातलं सोंग.

पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात असा रुबाबदार अधिकारी दिसला, की पदकं मागाहून मोजा. आधी पाटीवरचं साल वाचा आणि विचारा, या दिवशी या माणसाकडे नेमकं काय उरलं होतं?