गोठ्यातला पाहुणा

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातला पेंडल डोंगर उंचीने तसा किरकोळच. जेमतेम ५५७ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. पण श्रद्धेच्या बाबतीत या डोंगराची कुंडली विलक्षण आहे. १६१२ साली इथल्या चेटकिणींचा खटला लँकेस्टरच्या किल्ल्यात चालला. मुख्य साक्षीदार होती जेनेट डिव्हाइस नावाची सुमारे नऊ वर्षांची पोर. भर कोर्टात तिला टेबलावर उभं केलं आणि तिने सख्ख्या आईविरुद्ध साक्ष दिली. दहा जण फासावर गेले. पुढे चाळीस वर्षांनी, १६५२ मध्ये, जॉर्ज फॉक्स हा तरुण हाच डोंगर चढला. माथ्यावर त्याला दर्शन घडलं असं तो सांगे, आणि क्वेकर पंथाच्या इतिहासाची सुरुवात बरेच जण तिथूनच करतात.

१९६१ साली पडद्यावर आलेला ‘व्हिसल डाऊन द विंड’ याच डोंगराच्या पायथ्याशी चित्रित झाला. डाऊनहॅम गावाजवळचं वर्सॉ एंड हे शेतघर, मागे उघडीबोडकी टेकडी, दगडी बांध, निष्पर्ण झाडं. दिग्दर्शक ब्रायन फोर्ब्सने इतिहास बघून ही जागा निवडली असं मी म्हणणार नाही. पण लहान मुलांच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न या मातीला नवा नव्हता एवढं खरं.

गोष्ट साधी आहे. शेतावरचा गडी एडी मांजरीची पिल्लं पोत्यात घालून पाण्यात बुडवायला निघतो. त्याच्या मागोमाग लपतछपत तीन भावंडं. थोरली कॅथी, मधली नॅन आणि धाकटा चार्ल्स. आई नाही; वडील आणि आत्या सांभाळतात. पिल्लं वाचतात आणि गुपचूप गोठ्यात येतात. वाटेत मुक्तिफौज या ख्रिस्ती सेवासंस्थेची एक बाई भेटते. चार्ल्स आपलं पिल्लू तिच्या गळ्यात घालू पाहतो, तेव्हा येशू त्याची काळजी घेईल असं सांगून ती सुटका करून घेते. मोठी माणसं असं काहीबाही बोलून मोकळी होतात. ते मनात धरून बसणारं पोर कुठेतरी असतं.

रात्री कॅथी गोठ्यात जाते तर पेंढ्यात एक दाढीवाला माणूस. तू कोण, असं ती विचारते. तो दचकतो, आणि आपण ‘अरे देवा!’ म्हणावं तसा येशूचं नाव उच्चारून बेशुद्ध पडतो. झालं! तो खुनाच्या आरोपावरून पोलिसांना हवा असलेला आर्थर ब्लेकी आहे हे प्रेक्षकाला लवकरच कळतं. कॅथीला मात्र आपल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच तोंडून मिळालेलं असतं. बातमी पोरापोरांत पसरते आणि गावभरची मुलं खाऊ, भेटी घेऊन गोठ्याकडे निघतात. मोठ्यांना पत्ता नसतो.

हा चित्रपट लहानपणी पाहिलेले ब्रिटिश प्रेक्षक आता सत्तरीच्या पुढे गेलेत. अशा वयात जुन्या कृष्णधवल चित्रपटांविषयी जो जिव्हाळा दाटून येतो त्यात साखर थोडी जास्त पडते. शेत, मांजरीची पिल्लं, शीळ घालत जाणारी धून एवढंच लक्षात राहतं. चित्रपट पुन्हा पाहिला तर तो तितका गोड नाही. माझ्या मते तो टिकला आहे तो त्यातल्या कडवटपणामुळे. बालपण म्हणजे पापभीरू, गोंडस भाबडेपणा अशी समजूत करून घेणाऱ्यांना चार्ल्स हा पोरगा सुखाने जगू देत नाही.

चार्ल्सने आपलं पिल्लू येशूच्या हवाली केलेलं असतं. ते मरतं. एवढ्याशा घटनेने त्याचा निकाल लागतो. येशू असता तर त्याने पिल्लू मरू दिलं नसतं, तेव्हा हा येशू नाही. हा कुणीतरी बाप्या आहे. तिघांतलं सर्वांत लहान मूल सर्वांत आधी सत्यापर्यंत पोचतं. कॅथीला मात्र हे झेपत नाही. ती थेट गावच्या पाद्रीबाबांना गाठते. देव प्राण्यांना, माणसांना का मरू देतो, एवढाच तिचा सवाल. ते चहाच्या दुकानात निवांत बसलेले. जगात सगळेच जगले तर जागा कशी पुरणार, अशा थाटाचं उत्तर देऊन ते चर्चच्या मालमत्तेची नासधूस करणाऱ्यांवर घसरतात. फोर्ब्स त्यांना खलनायक करत नाही. ते सभ्य आहेत, हसतमुख आहेत, आणि त्यांच्याकडे उत्तर नाही.

आणखी एका प्रसंगात गावातला दांडगट मुलगा एका लहानग्याला पकडतो आणि येशूला पाहिलंस का म्हणून मारून मारून नाही म्हणायला लावतो. तिसऱ्या नकारानंतर दूरवर आगगाडीची शिटी ऐकू येते. बायबलात पीटर तीनदा येशूला नाकारतो आणि कोंबडा आरवतो, त्याचीच ही छाया. पण बायबल न वाचलेल्यालाही प्रसंग कळतो, कारण शाळेच्या वाटेवरचा असा मार कुठल्याही गावात सारखाच असतो. चित्रपटात अशा खुणा अनेक आहेत. तीन भावंडं भेटी घेऊन गोठ्याकडे जातात तेव्हा संगीतकार माल्कम अर्नोल्ड तीन राजांच्या जुन्या नाताळगीताची चाल वाजवतो. नाताळातल्या चालीचं लष्करी संचलन करून टाकणारा हा मिस्कीलपणा त्याचाच. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’साठी ऑस्कर मिळवलेला माणूस तो.

कथेचं मूळ मेरी हेली बेल यांच्या कादंबरीत आहे. मेरीबाई म्हणजे अभिनेते जॉन मिल्स यांच्या पत्नी आणि कॅथी झालेल्या हेली मिल्सच्या आई. कादंबरी दक्षिण इंग्लंडातल्या सुखवस्तू मुलांच्या जगातली. पटकथा कीथ वॉटरहाऊस आणि विलिस हॉल या लीड्सच्या जोडगोळीकडे गेली आणि त्यांनी गोष्ट उचलून उत्तरेत आणली. हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. ब्रिटिश चित्रपट तेव्हा गिरण्या, खाणी, चाळवजा घरं आणि कष्टकऱ्यांची बोली यांकडे वळले होते. ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ १९६० चा, ‘अ टेस्ट ऑफ हनी’ १९६१ चा. त्या लाटेतली रोखठोक बोली या मुलांच्या तोंडी आली आणि गोष्टीतला देवघरातला उदबत्तीचा वास उडाला. चार्ल्स झालेला ॲलन बार्न्स आणि नॅन झालेली डायन होलगेट ही त्याच मुलखातली, नट नसलेली पोरं. गर्दीतली मुलंही चॅटबर्नसारख्या आसपासच्या गावांतल्या शाळांमधली. ॲलन बार्न्सची शब्द तोडून, कुरकुरत बोलायची तऱ्हा कुठल्याही अभिनयशाळेत शिकवता येणार नाही.

या मुलांमध्ये हेली मिल्स उपरी वाटायला हवी होती. चौदा वर्षांची ही मुलगी ‘पॉलिअ‍ॅना’मुळे जगभर पोचलेली, बालकलाकारांसाठीचं ऑस्कर मिळवलेली, डिस्नेची लाडकी. त्याच १९६१ साली तिचा ‘द पॅरेंट ट्रॅप’ही आला, ज्याच्या कल्पनेवरून आपल्याकडे आधी तमिळमध्ये आणि मग १९६८ मध्ये हिंदीत ‘दो कलियाँ’ झाला. तिथली हेली आणि इथली हेली ताडून पाहण्यासारख्या आहेत. इथे रबरी बूट, जुना कोट, वाऱ्याने विस्कटलेले केस, आणि कॅमेरा जवळ आला की डोळ्यांत विश्वास आणि भीती एकदमच. ब्लेकी झालेला ॲलन बेट्स रंगभूमीवरून नुकताच पडद्यावर आलेला. तो फार थोडं बोलतो. ही पोरं आपल्याला काय समजतात हे उमगल्यावरही तो त्यांना खरं सांगत नाही, कारण त्यातच त्याची सोय आहे. मुलं पवित्र ग्रंथातली गोष्ट ऐकायला बसतात, तर हा वर्तमानपत्रातला मजकूर वाचून दाखवतो!

फोर्ब्सचा हा पहिलाच चित्रपट. दिग्दर्शक आधी दुसरा ठरला होता, तो बाजूला झाला आणि निर्माते रिचर्ड ॲटनबरो यांनी मित्राच्या हाती सूत्रं दिली. हेच ॲटनबरो पुढे ‘गांधी’ घेऊन आपल्याकडे आले, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये चित्रीकरण केलं, आणि त्याच चित्रपटाने कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळवून दिलं. ‘गांधी’त व्हाइसरॉय झालेले जॉन मिल्स म्हणजे आपल्या कॅथीचे वडील. लंडनच्या सिनेजगतातलं हे घरगुती गोतावळ्याचं वर्तुळ होतं खरं.

छायालेखक आर्थर इबेटसन याने करड्या रंगाच्या किती छटा पकडल्या आहेत ते पाहावं. आभाळ, दगड, पेंढा, मुलांचे कोट, सगळं एकाच कुळातलं. हिरवंगार कुरण दिसलं असतं तर ही गोष्ट पर्यटनखात्याच्या जाहिरातीत गेली असती.

बिंग फुटतं ते चार्ल्सच्या वाढदिवसाला. नॅन केकचा जादा तुकडा घेते आणि तो येशूसाठी आहे असं बोलून जाते. त्यावर चार्ल्स आपला निकाल जाहीर करतो. बाप चपापतो, पोलीस येतात, आणि मोठ्यांच्या आधी गावभरची मुलं गोठ्यासमोर गोळा होतात. कॅथी गोठ्यामागे जाऊन भिंतीआडून त्याच्याशी बोलते. तो पिस्तूल बाहेर फेकतो, शरण येतो. झडतीसाठी हात आडवे पसरून तो टेकडीवर उभा राहतो तेव्हा क्षितिजावर क्रूस दिसतो. हे जरा ठळक झालं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण लगेच पुढे चित्रपटातला सर्वांत सुंदर प्रसंग येतो. सगळे पांगल्यावर दोन अगदी चिमुकली मुलं येतात. त्यांना येशू बघायचाय. यावेळी हुकला, पण तो पुन्हा येईल, असं कॅथी त्यांना सांगते. तिचा स्वतःचा विश्वास उरला आहे की त्या दोघांसाठी ती मोठी झाली आहे? दिग्दर्शक सांगत नाही. मुक्तिफौजेच्या बाईनेही असंच एक आश्वासन दिलं होतं. फरक एवढाच, की कॅथीला त्या आश्वासनाची किंमत माहीत आहे.

बाफ्टाची चार नामांकनं मिळाली, हाती एकही पुरस्कार आला नाही. २००५ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने चौदा वर्षांच्या आत मुलांनी पाहावेत अशा ५० चित्रपटांची यादी केली, तिच्यात मात्र तो आहे. मधल्या काळात संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबरने त्याचं संगीतनाट्य केलं, गोष्ट अमेरिकेतल्या लुईझियानात नेली, नायिकेला वयात आणलं. १९९८ मध्ये ते लंडनला आलं. त्यातलं ‘नो मॅटर व्हॉट’ हे गाणं बॉयझोन या बँडने गाऊन पहिल्या क्रमांकावर नेलं. गाणं चांगलं आहे. पण नायिका वयात आली की गोठ्यातल्या पुरुषाकडे पाहण्याची नजर बदलते, आणि मूळ गोष्टीचा जीवच त्या न बदललेल्या नजरेत होता.

डाऊनहॅम आजही बरंचसं तसंच दिसतं. गावाची मालकी एकाच घराण्याकडे असल्याने घरांवर अँटेना नाहीत, डोक्यावर तारा नाहीत. चित्रपटाचे चाहते शेतघर बघायला जातात. ते खासगी आहे, तेव्हा रस्त्यावरूनच पाहावं.

आपण मात्र चित्रपटच पाहू या. दीड तासाच्या थोडा वर आहे. लँकेशायरची बोली कानाला अवघड जाते, म्हणून सबटायटल्स लावा. घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल तर त्याला शेजारी बसवा. पिल्लू मरतं हे आधी सांगू नका, आणि तो माणूस खरा कोण होता हे त्याने विचारलं तर उत्तर द्यायची घाई करू नका. चार्ल्सच्या वयाच्या मुलांना ते बहुधा आपल्याआधी कळतं.