ट्रायल सायकलची चेन तुटते कुठे?

ट्रायल सायकलस्वार मागच्या चाकावर तोल सांभाळतो, पेडलवर एकच जोरकस दाब देतो आणि समोरच्या खडकावर उडी घेतो. एवढ्या एका दाबात चेन का तुटावी?

पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, इथे पहारीचं काम करतो. त्याची लांबी 175 मिलिमीटर असेल आणि पुढचं दातेरी चक्र 18 दात्यांचं, तर त्या चक्राची त्रिज्या जेमतेम 36 मिलिमीटर भरते. पायाचा जोर चेनपर्यंत पोहोचताना जवळजवळ पाचपट होतो. 70 किलोचा स्वार आडव्या क्रँकवर एका पायाने नुसता उभा राहिला, तरी चेनवर सुमारे 340 किलोंचा ताण येतो. उडीचा जोर त्याहून वेगळा.

चेनच्या कड्यांच्या पट्ट्या सहसा मधून तुटत नाहीत. पट्टी तिला जोडणाऱ्या पिनेच्या टोकावरून निसटते. कारखान्यात ही टोकं ठोकून पसरवलेली असतात. पिन काढून पुन्हा बसवली की ती पकड ढिली पडते. म्हणून जोडताना जुनी पिन नको, त्याच चेनसाठी बनलेली नवी जोडपिन घ्यावी. चेनची रुंदी दोन्ही चक्रांना जुळायलाच हवी. जोडलेली कडी मोकळी वळते ना, हे बोटांनी तपासावं.

झिजलेल्या दात्यांवर मात्र नवी चेन चढवू नका. ऐन उडीत ती दात्यांवरून घसरते आणि स्वार थेट खडकावर आपटतो.