शेतमालाचा मार्का आणि संकेतस्थळाची नवी मांडणी

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या शेतकरी बंधूंनीं उत्पादक कंपन्या काढून आपला माल स्वतः विकण्यास आरंभ केला आहे. सन २००२ मध्यें कंपनी कायद्यांत दुरुस्ती होऊन अशा कंपन्यांस कायद्यानें स्थान मिळालें, आणि २०२० सालीं केंद्र सरकारनें शेतकरी उत्पादकांच्या १०,००० संस्था उभ्या करण्याची योजना हातीं घेतली. आंबा, हळद, गूळ, बेदाणा, तांदूळ असा माल थेट घरोघर पाठविणाऱ्या संस्था आज जिल्ह्याजिल्ह्यांतून आढळतात, व त्यांपैकीं पुष्कळांनीं आपलें संकेतस्थळहि उघडलें आहे. परंतु हीं संकेतस्थळें लक्षपूर्वक पाहूं लागलें कीं, पुष्कळ ठिकाणीं असें दिसून येतें कीं, माल उत्तम आहे, पण दुकानाचा दरवाजा कोणत्या बाजूस आहे तेंच गिऱ्हाइकास उमगत नाहीं. दलालाची दलाली वांचविण्यासाठीं हा खटाटोप आपण केला, आणि आलेलें गिऱ्हाईक दारांतूनच परत गेलें, तर तो माल अखेर पुन्हा अडत्याच्याच गाळ्यावर जावयाचा. म्हणून संकेतस्थळाची मांडणी सुधारणें हा शोभेचा प्रश्न नसून पट्टीवर पडणाऱ्या रकमेचा प्रश्न आहे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

मार्का म्हणजे काय?

मार्का म्हणजे केवळ एक चित्र नव्हे. गिऱ्हाइकानें एकदां घेतलेला माल पुन्हा ओळखून मागावा, यासाठीं दिलेली ती खूण होय; आणि त्या खुणेमागें प्रतीची हमी नसेल, तर ती खूणच मालाच्या विरुद्ध साक्ष देऊं लागते. कॅलिफोर्नियांतील संत्रें-लिंबांच्या बागाईतदारांनीं सहकारी संघ स्थापून १९०८ सालीं 'सनकिस्ट' हें नांव घेतलें. तें नांव लोकांच्या इतकें तोंडीं बसलें कीं, १९५२ मध्यें संघानें स्वतःचें नांवहि तेंच केलें. आपल्याकडे खेडा जिल्ह्यांतील दूध उत्पादकांचा संघ १९४६ सालीं स्थापन झाला, व 'अमूल' या एका नांवाखालीं पुढें गुजराथेंतील अनेक जिल्हासंघांचा माल विकला जाऊं लागला. दोन्ही ठिकाणीं सूत्र एकच: उत्पादक अनेक, पण नांव एक, चिन्ह एक आणि प्रत एक.

आमच्या संस्थांत याच्या उलट प्रकार पुष्कळदां होतो. पेटीवर एक नांव, बिलावर दुसरें, संकेतस्थळावर तिसरें, आणि पैसे पाठवावयास गेलें तर मोबाइलच्या पडद्यावर कोणा संचालकाचें खाजगी नांव उमटतें! परगांवच्या अनोळखी माणसानें अशा ठिकाणीं दोन हजार रुपये कोणत्या भरंवशावर पाठवावे? यास्तव मांडणी सुधारण्याचें पहिलें काम चित्रकाराकडे नसून संचालक मंडळाकडे आहे. एक नांव, एक चिन्ह व दोन रंग ठराव करून निश्चित करावे, आणि तेच पेटी, पिशवी, पावती, बँकेचें खातें व संकेतस्थळ या सर्वांवर चालवावे.

पहिल्या पानावर काय असावें?

बहुतेक संकेतस्थळांचें पहिलें पान उद्घाटनाच्या फोटोंनीं भरलेलें असतें. हारतुरे, पाहुणे, अध्यक्षांचें मनोगत, ध्येय व धोरण हें सर्व झाल्यावर कोठें तरी खालीं मालाचा उल्लेख येतो. समजा, एप्रिल महिन्यांत पुण्याच्या एका गृहिणीस रत्नागिरीचा हापूस हवा आहे. तिच्या मनांत पांच प्रश्न असतात: आंबा कोणत्या गांवचा? डझनाची किंमत पोंचवणावळीसह किती? आमच्या भागांत येईल काय व कोणत्या दिवशीं? फळ खराब निघाल्यास काय करणार? आणि मागणी कोठें नोंदवावयाची? या पांचांचीं उत्तरें पहिल्या पानावर, बोट फार न सरकवितां, मिळालीं पाहिजेत. अध्यक्षांच्या मनोगतास संस्थेच्या माहितीच्या पानावर अवश्य जागा द्यावी. दुकानाच्या उंबरठ्यावर तें नको.

किंमत लपवूं नये. 'दरासाठीं फोन करा' असें लिहिल्यानें गिऱ्हाईक फोन करीत नाहीं, तें दुसरीकडे जातें. हंगामांत भाव रोज बदलत असेल, तर भावाखालीं तारीख घालावी. माल संपला असेल, तर तसें स्पष्ट लिहावें, आणि हंगाम संपल्यावर मागणीचें बटण काढून त्या जागीं पुढील हंगाम केव्हां सुरू होईल तें सांगावें. जून उलटल्यावरहि आंब्याची मागणी घेणारें संकेतस्थळ गिऱ्हाइकाचा विश्वास एका दिवसांत घालवितें.

भौगोलिक मानांकनाचा उपयोग

महाराष्ट्रांतील कितीएक पिकांस १९९९ च्या कायद्यान्वयें भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. कोल्हापूरचा गूळ, जळगांवचीं केळीं, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, सांगलीची हळद हीं त्यांतील ठळक नांवें होत. कोंकणांतील हापुसास तें २०१८ सालीं मिळालें, व त्यांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें आणि पालघर हे जिल्हे येतात. परप्रांतींचा आंबा हापूस म्हणून विकला जातो ही तक्रार जुनी आहे. तिच्यावर उपाय आपल्या हातीं आहे, पण तो पुष्कळांकडून वापरला जात नाहीं. मानांकन पिकास मिळालें म्हणजे प्रत्येक बागाईतदारास तें चिन्ह आपोआप वापरतां येतें असें नाहीं. त्यासाठीं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ज्यांची नोंदणी झाली आहे त्यांनीं आपला नोंदणी क्रमांक, गांव व तालुका मालाच्या फोटोशेजारींच द्यावा. खऱ्या मालास खोट्यापासून वेगळें करणारा याहून चांगला पुरावा दुसरा नाहीं.

लिपि, अक्षर आणि फोटो

जुन्या मराठी संकेतस्थळांत एक मोठा दोष असतो. तीं ज्या काळीं तयार झालीं, त्या काळच्या विशिष्ट टंकांत तीं लिहिलेलीं असल्यामुळें ज्याच्या यंत्रांत तो टंक नाहीं, त्यास अर्थहीन चिन्हें दिसतात. आणि शोधयंत्रासहि तीं अक्षरें मराठी म्हणून ओळखतां येत नाहींत. युनिकोड या जागतिक संकेतांत देवनागरी १९९१ पासूनच आहे. तेव्हां सर्व मजकूर त्यांतच असावा. दरपत्रकाचा फोटो काढून तो चिकटविण्याचा प्रघातहि सोडून द्यावा. फोटोंतील 'हळद' हा शब्द शोधणाऱ्यास सांपडेलच असें नाहीं, व अंधास तो ऐकवितांहि येत नाहीं.

अक्षर मोठें व ठळक असावें. पिवळ्या जमिनीवर पांढरें अक्षर हा आंब्याच्या संकेतस्थळावरील नेहमींचा अपराध आहे. सुगम वाचनासाठीं जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत सामान्य आकाराच्या अक्षराचा व जमिनीचा उजेडभेद निदान ४.५ स १ असावा असें सांगितलें आहे. बांधावर भर उन्हांत मोबाइल धरून पाहिलें, म्हणजे हा नियम कां केला तें कोणाहि शेतकऱ्यास समजेल.

फोटो आपल्याच बागेचे असावे. विकत आणलेला परदेशी बागेचा फोटो जाणत्या गिऱ्हाइकास लगेच कळतो. परंतु मोबाइलवर काढलेला फोटो पुष्कळदां चार-पांच एमबी वजनाचा असतो. तो तसाच चढविल्यास खेड्यांतल्या मंद जोडणीवर पान उघडतां उघडत नाहीं. लहान करून दोन-अडीचशें केबीपर्यंत आणल्यास पडद्यावर फारसा फरक दिसत नाहीं व पान लवकर उघडतें.

कायद्यानें लागणारी माहिती

सुबक मांडणीच्या नादांत कायद्यानें आवश्यक असलेली माहिती गाळली जाऊं नये. वजनमापाच्या नियमांप्रमाणें १ जानेवारी २०१८ पासून पाकीटबंद माल संगणकजालावर विकतांना निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, माल बांधणाऱ्याचें नांव-पत्ता इत्यादि तपशील तेथेंच दाखवावा लागतो. प्रक्रिया केलेल्या खाद्यमालास अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आंकडी क्रमांक असतो, तोहि द्यावा. शिवाय २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव व संपर्क जाहीर करून, आलेल्या तक्रारीची पोंच ४८ तासांत व निवारण एका महिन्यांत करावें लागतें. हें ओझें समजूं नये. ज्या दुकानांत तक्रार कोठें करावयाची तें लिहिलेलें असतें, त्या दुकानांत माणूस निर्धास्तपणें खरेदी करतो.

बदल करतांना सावधगिरी

नवें तें चांगलेंच असतें असें नाहीं. अमेरिकेंत 'ट्रॉपिकाना' या संत्र्याच्या रसाच्या कंपनीनें जानेवारी २००९ मध्यें आपल्या खोक्यावरील नळी खोंचलेलें संत्रें काढून त्या जागीं रसाचा पेला छापला. गिऱ्हाइकांस नेहमींचा मार्का ओळखूं येईना. दोन महिन्यांच्या आंत विक्री सुमारें २० टक्क्यांनीं घटली व कंपनीस जुनेंच खोकें परत आणावें लागलें. इंग्लंडांतील 'मार्क्स अँड स्पेन्सर' या मोठ्या दुकानदारांनीं २०१४ सालीं सुमारें १५ कोटि पौंड खर्चून नवें संकेतस्थळ उघडलें. जुन्या गिऱ्हाइकांस पुन्हा नांव नोंदविण्यास सांगितलें गेलें, आणि पुढील तिमाहींत संकेतस्थळावरील विक्री ८.१ टक्क्यांनीं खालीं आली. यावरून घेण्याचा बोध हा कीं, ज्या खुणेवरून लोक आपणांस ओळखतात ती शाबूत ठेवावी, आणि जुन्या गिऱ्हाइकास नव्या दारांत पुन्हा परकें करूं नये.

यासाठीं सोपी परीक्षा आहे. याकोब नील्सन या संशोधकानें २००० सालीं असें प्रतिपादिलें कीं, पांच माणसांकडून वापर करवून पाहिल्यास मांडणींतील बहुतेक दोष उघडकीस येतात. नवें संकेतस्थळ जाहीर करण्यापूर्वीं संस्थेशीं संबंध नसलेलीं पांच माणसें बसवावीं. त्यांत एक वृद्ध व एक साधा, स्वस्त मोबाइल वापरणारा असावा. 'एक पेटी मागवून दाखवा' एवढेंच सांगून आपण गप्प राहावें. तीं कोठें अडतात तें टिपून घ्यावें, दोष दुरुस्त करावे आणि पुन्हा दुसऱ्या पांचांस बसवावें. जेथें तिघे अडले, तेथें चूक त्यांची नसून मांडणीची आहे, असेंच समजावें.

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे. संकेतस्थळाचें नांव संस्थेच्याच नांवें नोंदलेलें असावें. काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या नांवें तें असलें, तर त्याच्याशीं बिनसतांच इतक्या वर्षांची ओळख त्याच्या मुठींत जाते. सातबारा दुसऱ्याच्या नांवें ठेवून जमीन कसण्यासारखेंच तें आहे. दुसरी गोष्ट, पानांचे पत्ते बदलल्यास जुन्या पत्त्यावर आलेल्यास आपोआप नव्या पानावर नेण्याची व्यवस्था करून घ्यावी व करारांत तसें लिहून घ्यावें. नाहीं तर शोधयंत्रांत वर्षानुवर्षें मिळविलेली जागा हातची जाते.

या कामास फार पैसा लागतो असें नाहीं. लागतो तो विचार, आणि हंगामापूर्वींचा वेळ. आंब्याच्या संस्थांनीं दिवाळीनंतर व द्राक्ष-बेदाण्याच्या संस्थांनीं पावसाळ्यांत हें काम हातीं घ्यावें. ऐन काढणींत दुरुस्ती काढूं नये. येत्या वार्षिक सभेंत सभासदांनीं आपल्याच संकेतस्थळावरून एक पेटी मागवून पाहावी, आणि किती वेळ लागला तें संचालकांस सभेंत विचारावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.